हलका माल, जड भाडं

प्रश्न : कोल्हापूरला आमचा चिवड्याचा कारखाना आहे. पार्ट लोडने नागपूरला खोकी पाठवतो. माल हलका, तरी भाड्यातच नफा जातो. काय करावं?

उत्तर : आधी बिल्टीवरचं 'आकारलेलं वजन' पाहा. हलक्या मालाचं भाडं खोक्याने अडवलेल्या जागेवर लागतं. बऱ्याच कुरिअर कंपन्या सेंटीमीटरमधल्या लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतात. म्हणजे 60×45×40 च्या खोक्यात 8 किलो चिवडा असला, तरी बिल 21.6 किलोचं. पाकिटांतली हवा कमी करून उंची 30 वर आणलीत, तर 16.2 किलो. ट्रान्सपोर्टवाल्यांचा हिशोब वेगळा असतो. तो दरपत्रकातच लिहून घ्या.

दुसरं, रोज दोन-चार खोकी धाडू नका. आठवड्याची ऑर्डर एकत्र करा. किमान भाडं एकदाच लागेल. गाडीभर माल साठला, तर नागपूरकडे रिकामी परतणारी गाडी विचारा. ती बहुधा स्वस्त पडते.

हमाली, डोअर डिलिव्हरी आणि गाडी खोळंबल्याचे पैसे मात्र आधीच ठरवा. घासाघीस दरावर होते आणि बिल इथे फुगतं, हे मी वारंवार पाहतो. विम्यात काटकसर करू नका. पावसाळ्यात तर मुळीच नको.