आधी चित्र, मग गळ

अमेरिकी चित्रकार विन्स्लो होमर (१८३६–१९१०) हा मासेमारीचा अस्सल शौकीन. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत नॉर्थ वुड्स क्लबचा तो सभासद होता. तिथल्या त्याच्या जलरंगांत फ्लाय फिशिंगची दोरी हवेत लांबलचक वळण घेताना दिसते. ही रेघ त्याने रंग खरवडून, खालचा पांढरा कागद उघडा करून काढली. ज्याने स्वतः दोरी फेकली आहे, त्यालाच ते वळण असं दिसतं.

होमर पाहिला की दोन्ही छंद एका पिशवीत घालून नदीवर जावंसं वाटतं. जरूर जावं. मात्र दोन्ही एकाच वेळी करू नयेत.

हिमाचलच्या तीर्थन नदीवर उन्हाळ्यातल्या एका दुपारी प्रस्तुत लेखक काठावर बसून प्रवाहातल्या काळ्या खडकाचं चित्र काढत होता. सोबती पाण्यात उभा राहून ट्राउट माशासाठी गळाची कृत्रिम माशी फेकत होता. चित्र अर्ध्यावर आलं आणि खडक कागदावरच्यापेक्षा बुटका दिसू लागला. रेघ बरोबर होती. पाणी चढलं होतं. वरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं. सोबत्याची नजर तरंगत्या माशीवर खिळलेली. त्याला हे जाणवणं कठीणच होतं. हाक मारून त्याला बाहेर काढलं, तोवर गुडघाभर पाणी मांडीला लागलं होतं.

हे पाणी निदान सावकाश चढलं. धरणाखाली तेवढीही उसंत मिळत नाही. तीर्थन जिला मिळते त्या बियास नदीत, मंडी जिल्ह्यात थलौटजवळ, ८ जून २०१४ रोजी लारजी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या खडकांवर फोटो काढत होते. धरणाखालच्या पात्रात वही उघडून बसणं, मग पाणी कितीही शांत दिसो, टाळायलाच हवं.

म्हणून क्रम ठरवून घ्यावा: आधी चित्र. काठावर वीसेक मिनिटं बसून डोहाचं रेखाटन करावं, एखाद्या खडकाची पाणरेषा नीट टिपावी आणि पाण्यात उतरल्यावर अधूनमधून तिच्याशी ताडून पाहावं. या बैठकीचा मासेमारीलाही मोठा फायदा होतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, वेगवान धारेच्या कडेच्या संथ पाण्यात थांबतो. तिथे ताकद कमी लागते आणि खाणं धारेतून आपसूक येतं. वेगवान आणि संथ पाण्याची ही शिवण चित्र काढताना जशी दिसते, तशी घाईने दोरी फेकताना दिसत नाही.

दोघं असाल तर चित्र काढणाऱ्याने काठीवाल्याच्या मागे बसू नये. फ्लाय फिशिंगची माशी जवळजवळ वजनहीन असते. तिला पुढे नेतं ते जाड दोरीचं वजन, आणि त्यासाठी दोरी आधी मागे पूर्ण उलगडावी लागते. म्हणजे गळ पुढच्याइतकाच मागेही फिरतो. चष्मा आणि टोपी दोघांनाही हवी.

रंगांचा कुंचला नदीत धुऊ नये. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असतं आणि ते माशांना विषारी आहे. छोट्या बाटलीत पाणी घ्यावं, गढूळ झालं की बाटली परत न्यावी. मासा हातात धरून त्याचं चित्र काढायचा मोहही नको. हात ओले करून, पाण्यातच त्याला सोडवावं. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. ब्राउन ट्राउटचे लाल ठिपके आणि त्यांभोवतीची फिकट कडी एका नजरेत टिपून नंतर रंगवता येतात.

हिमाचलमध्ये ट्राउटसाठी परवाना लागतो आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. त्या महिन्यांत फक्त वही न्यावी आणि काठावरच बसावं, कारण अंडी तळाच्या बारीक गोट्यांत असतात. पाणी कमी आणि नितळ असल्याने बुडालेले खडक आणि खोलगट जागा स्पष्ट दिसतात. मार्चमध्ये कुठे उभं राहायचं याचा नकाशा तेव्हाच काढून ठेवावा.