तारेतील लहर आणि शेजारधर्म

सातारा-सांगलीच्या घरोघरी १२५१ किलोहर्ट्‌झवरील आकाशवाणी सांगली केंद्र ऐकत आमची पिढी वाढली. आता घरातील विजेच्या तारांतूनच इंटरनेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणारी उपकरणे आली आहेत. ती साधारणपणे २ ते ३० मेगाहर्ट्‌झ या लघुलहरींच्या पट्ट्यात चालतात. विजेच्या तारांना धातूचे कवच नसते. त्यामुळे त्या अँटेनाप्रमाणे लहरी बाहेर टाकतात आणि शेजारच्या रेडिओवर खरखर उमटते. सांगलीची मध्यमलहर या पट्ट्याखाली असल्याने सहसा बचावते. दूरदेशीची लघुलहरी प्रसारणे मात्र बुडतात. हौशी रेडिओचालकांच्या लहरी वगळण्याची सोय काही उपकरणांत असते, सर्वांत नसते. २०१९च्या कृष्णेच्या महापुरासारख्या संकटात मोबाईल मुका झाला, तर त्यांचाच क्षीण संदेश आधार ठरू शकतो. उपकरण काढताच खरखर थांबली, तर कारण सापडले असे समजावे व नेटवर्कची स्वतंत्र केबल टाकावी.

साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी नभोवाणीवरून स्वातंत्र्य, समता व बंधुता हे आपले जीवनतत्त्वज्ञान मांडले. विद्यार्थी मित्रहो, आपल्या सोयीने शेजाऱ्याचे ऐकणे बंद पडत असेल, तर त्या सोयीला आवर घालणे हीच बंधुता होय.