न लिहिलेले निर्णय

‘थकबाकीवर नियमाप्रमाणे व्याज आकारावे.’ गृहनिर्माण संस्थांची बिले काढणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या कामाच्या यादीत हे वाक्य होते. काम देणाऱ्याला ते पुरेसे वाटले, करणाऱ्यालाही वाटले. पुढे त्या एका वाक्यावरून जेवढा वाद झाला, तेवढा बाकीच्या सगळ्या यादीवरून मिळून झाला नाही.

मी तेव्हा त्या कामावर प्रोग्रामर होतो. आता सॉफ्टवेअर बांधायला घेण्याआधी लोकांना नेमके काय हवे ते लिहून काढणे, हाच माझा व्यवसाय आहे. नव्याने सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या कोणालाही, मग ती पतसंस्था असो, दवाखाना असो की शाळा, त्या व्याजाची गोष्ट मी आधी सांगतो.

काम एका हिशेबनीसांच्या कार्यालयाचे होते. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या बऱ्याच सोसायट्यांची बिले, पावत्या आणि थकबाकीच्या याद्या तिथे एक्सेलमध्ये तयार होत. व्याजाच्या ओळीबद्दल मी विचारले, तेव्हा साहेब म्हणाले, “अहो, त्यात काय लिहायचंय? उपविधीत दिलेलंच आहे.” आणि खरेच दिलेले आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावायचे, दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा आणि तो वर्षाला 21 टक्क्यांच्या वर न्यायचा नाही. नियम इतका सरळ असताना अडले कुठे?

सभासदाची थकबाकी 12,000 रुपये आणि दर 21 टक्के धरला, तर महिन्याचे व्याज 210 रुपये. पुढच्या महिन्यात पुन्हा 12,000 वरच 210 लागायला हवे. पण एक्सेलच्या जुन्या तक्त्यात ‘एकूण बाकी’ असा एकच रकाना होता. तोच प्रोग्राममध्ये आला आणि व्याज 12,210 वर लागले. फरक पावणेचार रुपयेही नाही. कोणाच्या डोळ्यांत भरावा असा नव्हेच. मात्र एकही पैसा न भरता तीन वर्षे गेली, तर सरळव्याज 7,560 रुपये होते आणि दरमहा चढणारे चक्रवाढ व्याज सुमारे 10,400. बरीच बिले छापून गेल्यावर एक सभासद, निवृत्त बँक कर्मचारी, स्वतः मांडलेले गणित कागदावर घेऊन आले. त्यांचा आकडा बरोबर होता.

कोडमधली ओळ बदलणे किरकोळ काम होते. पण वाटलेली बिले, दिलेल्या पावत्या, लेखापरीक्षण होऊन बंद झालेले हिशेब आणि ज्यांनी जादा व्याज मुकाट्याने भरून टाकले ते सभासद, हे सगळे पुन्हा उलगडावे लागले. सोसायटीच्या सचिवांना सभेत जे ऐकून घ्यावे लागले ते वेगळेच.

त्या गणिताच्या आत आणखी प्रश्न दडलेले निघाले. व्याज बिलाच्या तारखेपासून की देय तारखेपासून? महिन्याच्या मध्ये पैसे आले तर व्याज दिवसांवर की अख्ख्या महिन्याचे? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, सभासदाने थोडेच पैसे भरले तर ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात? मुद्दल 12,000, साचलेले व्याज 840 आणि भरणा 5,000 असेल, तर पहिल्या रीतीने मुद्दल 7,840 उरते, दुसऱ्या रीतीने 7,000. पुढच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्यावर ठरते. कार्यालयातल्या दोन अनुभवी ताईंना वेगवेगळे विचारले, तर दोघींनी दोन उत्तरे दिली. दोघीही अनेक वर्षे आपापल्या सोसायट्यांची बिले आपापल्या रीतीने काढत होत्या.

यातून एकच गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. सॉफ्टवेअरची गरज लिहायची म्हणजे निर्णय घ्यायचे. जो निर्णय कागदावर घेतला जात नाही तो टळत नाही; तो प्रोग्रामर घेतो, बहुधा संध्याकाळी, घाईत, आणि आपण काही ठरवले आहे हे त्याच्याही ध्यानात येत नाही. संगणकाला ‘बघू मग’ म्हणता येत नाही. कोडची ओळ लिहिली की काहीतरी एक ठरतेच.

नियम नको, सोडवलेले गणित द्या

पैशांशी संबंधित प्रत्येक नियमाखाली किमान एक उदाहरण आकड्यांनिशी शेवटपर्यंत सोडवून लिहा. ‘सरळव्याज’ असे लिहून भागत नाही. ‘मुद्दल 12,000, देय तारीख अमुक, भरणा 5,000 अमुक तारखेला, पुढच्या बिलात व्याज इतके’ असे लिहा. रुपये-पैशांचे पूर्णांक कुठे करायचे, प्रत्येक बाबीवर की शेवटच्या बेरजेवर, हेही त्यातच उघड होते. गणित सोडवायला बसले की न ठरवलेल्या गोष्टी आपोआप समोर येतात. नुसती नियमावली वाचताना त्या दिसत नाहीत.

भांडखोर सभासदाची फाइल मागा

सगळे सुरळीत असताना काय व्हावे, हे कोणीही सांगतो. मी हल्ली पहिल्या बैठकीतच म्हणतो, “सगळ्यात जास्त तक्रारी ज्यांनी केल्या त्यांच्या फायली दाखवा.” खऱ्या गरजा त्या फायलींमध्ये असतात. बिनभोगवटा शुल्काचे बघा. सगळे त्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात. यादीत सरळ लिहिलेले असते, ‘भाडेकरू असल्यास शुल्क लावावे.’ पण ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येते, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सभासदाची मुलगी तिथे राहत असेल तर शुल्क लागत नाही. म्हणजे ‘भाडेकरू आहे का, हो की नाही’ असा एक रकाना ठेवून चालत नाही. राहणारा कोण, नाते काय, कधीपासून, आणि सेवाशुल्कात कोणत्या बाबी येतात, इतके सगळे नोंदवावे लागते. पडदा रंगवून झाल्यावर हे कळले, तर रकाना वाढवणे सोपे असते. जुन्या शेकडो नोंदींत ती माहिती भरणे कठीण.

बदलणारे आकडे वेगळे काढा

सोसायटीच्या मासिक वर्गणीवरच्या जीएसटीची सूट-मर्यादा जानेवारी 2018 मध्ये दरमहा दरसभासद 5,000 रुपयांवरून 7,500 झाली. जुलै 2019 च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने म्हटले की मर्यादा ओलांडली तर कर पूर्ण रकमेवर. जुलै 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकाल दिला की कर फक्त वरच्या रकमेवर. वर्गणी 9,000 असेल तर 18 टक्क्यांनी पहिल्या अर्थाने कर 1,620 रुपये, दुसऱ्या अर्थाने 270. ज्यांच्या कागदावर ‘जीएसटी 18 टक्के’ एवढेच लिहिलेले होते, त्यांना दर वळणावर प्रोग्रामरच्या दारात जावे लागले. म्हणून प्रत्येक दर, मर्यादा आणि आकारणीची रीत यांच्यापुढे दोन गोष्टी लिहा: ती कोण बदलू शकेल, आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होईल. जुने बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर यायला हवा, हेही लिहा. हे वाक्य बहुतेक कागदांत नसते.

वाक्य कसे लिहावे

रोल्स-रॉइसमधल्या अॅलिस्टर मॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये गरजा लिहिण्याची एक साधी पद्धत मांडली. ती ‘इअर्स’ या नावाने ओळखली जाते. विमानाच्या इंजिनांच्या नियंत्रणासाठी घडलेली ही पद्धत सोसायटीच्या बिलालाही चालते. जेव्हा अमुक घडेल, तेव्हा प्रणालीने तमुक करावे. जोवर अमुक स्थिती आहे, तोवर तमुक करावे. जर नको ते घडले, तर तमुक करावे. ‘धनादेश वटला नाही तर योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य या साच्यात बसवायला जा, ‘योग्य ती’ म्हणजे काय ते ठरवावेच लागते: पावती रद्द, बाकी पूर्ववत, बँकेचे शुल्क सभासदाच्या नावे, आणि व्याज मूळ देय तारखेपासून.

‘वेगवान’, ‘सोपे’, ‘सुरक्षित’ हे शब्द मोजमापाशिवाय लिहू नका. दोनशे सदनिकांची बिले एका मिनिटात निघावीत, असे लिहिले तर ते तपासता येते. सुरक्षित म्हणजे काय, तर खजिनदारांनी मंजूर केलेली पावती कारकुनाला बदलता येऊ नये आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद राहावी.

जे करायचे नाही तेही लिहा. ‘या टप्प्यात मोबाइल ॲप नाही, ऑनलाइन भरणा नाही’ या एका ओळीने पुढचे कितीतरी फोन वाचतात. ज्या प्रश्नाचे उत्तर आज मिळत नाही तो गाळू नका. त्याच्यापुढे कोण ठरवणार त्याचे नाव आणि तारीख टाका. व्याज आधी की मुद्दल आधी, हे प्रोग्रामरने ठरवायचे नसते आणि हिशेबनीसानेही परस्पर ठरवायचे नसते.

किती लिहायचे?

यावर तरुण मित्र हमखास म्हणतात, “सर, आम्ही अजाईल पद्धतीने काम करतो, कागदपत्रं नाही करत.” 2001 च्या अजाईल जाहीरनाम्याने चालणाऱ्या सॉफ्टवेअरला सविस्तर कागदपत्रांपेक्षा जास्त मोल दिले, हे खरे. पण कागद नकोच, असे त्यात नाही. सगळे सारख्या बारकाईने लिहायची गरज नसते, हे मलाही मान्य आहे. पडद्याची मांडणी, बटणांची जागा, अहवालाचा रंग हे दाखवून, वापरून ठरवावे. तिथे पानेच्या पाने लिहिणे वेळ वाया घालवणे आहे. पैसा, कायदा आणि साठवलेली माहिती या तीन गोष्टी मात्र आधी पूर्ण लिहाव्यात, कारण त्या चुकल्या तर निस्तरायला केवळ कोड बदलून भागत नाही.

लिहिले म्हणजे संपले, असेही नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ हरवले. जमिनीवरचे सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात देत होते आणि घेणारी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. मेट्रिक एकके वापरावीत, हे दोन प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या तपशीलपत्रात लिहिलेले होते. लिहिल्याप्रमाणे होते आहे का, हे कोणी ताडून पाहिले नाही. म्हणून आपण सोडवलेली गणितेच चाचणीला वापरावीत. काम ताब्यात घेताना तेच आकडे टाकावेत. उत्तर जुळले तर सही, नाही तर परत.

आणि कागद तयार आहे की नाही, हे प्रोग्रामरकडे देण्याआधी घरच्या घरी तपासता येते. एक नवे उदाहरण घ्या: थकबाकी, मध्येच भरणा, न वटलेला धनादेश, दरात बदल. तो कागद आणि ते उदाहरण दोन माणसांना वेगवेगळ्या खोलीत सोडवायला द्या. त्यातला एक तुमच्या कामातला जाणकार असावा, दुसरा अगदी नवखा. एकमेकांशी बोलू देऊ नका, तुम्हालाही काही विचारू देऊ नका. दोघांची उत्तरे पैशापर्यंत जुळली, तर काम सुरू करा. जुळली नाहीत, तर जिथे फाटे फुटले त्या ओळीवर परत बसा. तोवर आगाऊ रकमेचा धनादेश लिहू नका.