एक्स-मेन नक्की कुणाची गोष्ट सांगतात?

प्रश्न : माझी भाची कॉलेजात आहे. सुट्टीत आमच्याकडे आली की 'एक्स-मेन'चे सिनेमे लावून बसते. परवा म्हणाली, "मामा, ही खरं तर गे मुलांची गोष्ट आहे." मला त्यात मारामारी आणि उडणारी माणसंच दिसली. हा अर्थ बनवणाऱ्यांच्या मनात होता, की बघणाऱ्यांनी मागाहून चिकटवला? आणि हेच म्हणायचं होतं तर सरळ का नाही म्हटलं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या भाचीचं बरोबर आहे. पण ही गोष्ट पहिल्या दिवसापासून तशी नव्हती, ती तशी होत गेली. कशी होत गेली ते सांगतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही ओघात येईल.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'एक्स-मेन' हे कॉमिक 1963 साली सुरू केलं. तोवर प्रत्येक नायकाला शक्ती कुठून आली याचं कारण द्यावं लागत होतं. कुणाला किरणोत्सारी कोळी चावला, कुणी गॅमा किरणांत सापडला. दर वेळी नवं कारण शोधून ली कंटाळले होते, म्हणून या वेळी त्यांनी ठरवून टाकलं की ही मुलं जन्मतःच अशी आहेत, म्यूटंट आहेत. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. लेखकाने आपली सोय पाहिली, पण गोष्टीला त्यामुळे भलतीच खोली आली. जन्मतःच असं असेल तर त्यात कुणाचा दोष नाही, आणि त्यातून सुटकाही नाही. शिवाय ही शक्ती प्रकट होते वयात येताना. तोवर इतरांसारखं असलेलं पोर बारा-तेराव्या वर्षी आपण वेगळे आहोत हे एकट्यानेच ओळखतं आणि लपवायला शिकतं. पहिल्याच अंकात वॉरन वर्दिंग्टन नावाचा श्रीमंताघरचा मुलगा आपले मोठे पांढरे पंख पट्ट्यांनी पाठीशी आवळून बांधतो आणि वरून कोट चढवतो. चारचौघांत वावरायचं तर एवढं करावंच लागतं.

अमेरिकेत तेव्हा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ भरात होती, त्यामुळे या छळल्या जाणाऱ्या म्यूटंटांमध्ये वाचकांना तीही दिसली. ते चुकीचं नव्हतं. पण एक फरक आहे आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. वर्णावरून किंवा आपल्याकडे जातीवरून हिणवलेलं पोर घरी येतं, तेव्हा घरची माणसं त्याच अपमानातून गेलेली असतात. आईला न सांगता कळतं. म्यूटंट पोराच्या घरात बहुतेकदा दुसरं कुणी म्यूटंट नसतं. ज्यांच्या कुशीत शिरायचं त्यांच्यापासूनच आधी लपवायचं. समलिंगी मुलामुलींना हे अनोळखी नव्हतं. साठ-सत्तरच्या दशकांत त्यांच्याविषयी धड काही लिहिलेलं हाती लागणं मुश्कील होतं. त्यांनी या कॉमिकमध्ये स्वतःला ओळखलं ते कुणी न सांगता.

आता, सरळ का नाही म्हटलं? कारण म्हणायला बंदी होती. 1954 साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिकमुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं. बॅटमन आणि रॉबिन एका घरात राहतात हे समलिंगी माणसांचं स्वप्नरंजन आहे, असाही आरोप त्यात होता. सरकारी बंदीच्या धास्तीने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःहून एक आचारसंहिता घालून घेतली, 'कॉमिक्स कोड'. तिच्यात लैंगिक 'विकृती' दाखवायलाच नव्हे, नुसती सूचित करायलाही मनाई होती, आणि विकृती म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे कलम गेलं 1989 मध्ये. क्रिस क्लेअरमॉन्ट यांनी 1975 पासून सोळा वर्षं एक्स-मेन लिहिलं, म्हणजे जवळजवळ सगळं या मनाईखालीच. मिस्टिक आणि डेस्टिनी या दोन बायका त्यांच्या मनात जोडीदार होत्या. कागदावर त्या 'जिवलग मैत्रिणी' राहिल्या. दार बंद असलं की माणूस खिडकी शोधतो, तसं या लेखकांनी रूपकाचं केलं.

सिनेमात तर हा अर्थ उघडच हेतुपुरस्सर आला. मॅग्नेटो या म्यूटंट खलनायकाचं काम करणारे इयन मकेलन यांनी 1988 मध्ये बीबीसी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं होतं. शाळा आणि नगरपालिकांना समलैंगिकतेचा 'प्रसार' करायला बंदी घालणारा कायदा तेव्हा ब्रिटनमध्ये येऊ घातला होता, त्याला विरोध करताना ते बोलले. दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांनी म्यूटंट म्हणजे समलिंगी हे साम्य समजावून सांगितलं म्हणून आपण ही भूमिका घेतली, असं मकेलन यांनी पुढे सांगितलं आहे.

भाचीबरोबर 2003 चा दुसरा सिनेमा पुन्हा लावा आणि बॉस्टनच्या घरातला प्रसंग नीट बघा. बॉबी ड्रेक हा मुलगा हात लावेल ते गोठवू शकतो. हुशार मुलांच्या निवासी शाळेत शिकतोय एवढंच आईवडिलांना माहीत असतं. संकटात तो मित्रांना घेऊन घरी येतो आणि दिवाणखान्यात बसून त्याला सगळं सांगावं लागतं. तो चहाच्या कपाला बोट लावतो, चहाचा बर्फ होतो, कप उलटा केल्यावर गोळा बशीत पडतो आणि घरातली मांजर तो चाटू लागते. आई मुलावर ओरडत नाही. अगदी मऊ आवाजात विचारते की म्यूटंट नसण्याचा प्रयत्न तू करून पाहिलास का? मग चूक माझीच, असं म्हणून स्वतःला दोष देते. धाकटा भाऊ तोंड फिरवून वर जातो आणि पोलिसांना फोन करतो. या प्रसंगात एकही विनोदी किंवा खलनायकी माणूस नाही. आपल्या मुलावर प्रेम करणारी साधी माणसं आहेत, आणि ती त्याला गमावतात. हा सिनेमा त्या वर्षी मे महिन्यात लागला, तेव्हा अमेरिकेतल्या तेरा राज्यांत समलिंगी संबंध अजून गुन्हा होते. ते कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच जूनमध्ये रद्द केले.

2006 च्या तिसऱ्या सिनेमात म्यूटंटांवर 'औषध' निघतं. सिनेमा म्हणून तो मला फारसा जमलेला वाटत नाही, पण त्याची सुरुवात विसरता येत नाही. लहानगा वॉरन न्हाणीघरात दार लावून पाठीवर फुटणारे पंख हत्यारांनी कापतोय, बाहेरून बाप दार ठोकतोय. पुढे हाच बाप ते औषध तयार करवून घेतो. हे औषध आपल्याकडच्या घरांतही वेगळ्या नावाने दिलं जातं. 'लग्न लावून द्या, होईल सगळं ठीक', 'एखाद्या डॉक्टरला दाखवा'. दाखवायचं काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 मध्येच काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 2022 मध्ये असा 'बदलण्याचा उपचार' हे डॉक्टराचं गैरवर्तन ठरवलं. आणि असे संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बाबत 2018 मध्ये दिलेला निकाल तुम्हाला आठवतच असेल.

हे रूपक जसंच्या तसं स्वीकारू नका, एवढं मात्र सांगायला हवं. म्यूटंटाच्या डोळ्यांतून इमारत कोसळवणारा किरण निघू शकतो, त्यामुळे लोकांनी त्याला घाबरण्यात काही अर्थ तरी आहे. दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र संसार करतात तेव्हा शेजाऱ्याच्या भिंतीचा पोपडाही उडत नाही. त्यांच्याविषयीची भीती पूर्णपणे बिनबुडाची आहे आणि हा फरक रूपकात हरवतो. शिवाय म्यूटंट कौतुकाला पात्र ठरतात ते जग वाचवतात म्हणून. समलिंगी मुलाने घरात जागा मिळवण्यासाठी कुणाला वाचवायची गरज असू नये. त्याला नुसतं जेवायला ताटावर बसता आलं पाहिजे.

म्हणून नाव घेणं महत्त्वाचं होतं. कोडमधलं कलम गेल्यावर 1992 मध्ये नॉर्थस्टार या कॅनडाच्या नायकाने 'अल्फा फ्लाइट' या कॉमिकच्या 106व्या अंकात आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. तो मुळापासून तसाच कल्पिला होता, पण तेरा वर्षं गप्प होता. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचं काइल या जोडीदाराशी लग्न लागलं. आणि 2015 मध्ये कॉमिकमधला बॉबी ड्रेकही समलिंगी निघाला. तेही आडवळणानेच, कारण मनातलं वाचणारी जीन ग्रे त्याच्याआधी ते बोलून जाते. त्याला स्वतःला सांगू द्यायला हवं होतं असं अनेक वाचकांना वाटलं, आणि मलाही तसंच वाटतं. ज्याचं गुपित त्यानेच, त्याला वाटेल तेव्हा आणि वाटेल त्या माणसाला सांगावं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शेवटी एक सांगतो. भाचीने हा विषय तुमच्यापाशी काढला तो कदाचित नुसत्या सिनेमाच्या आवडीतून, कदाचित एखाद्या मैत्रिणीसाठी, कदाचित आणखी कशासाठी. तर्क करत बसू नका, खोदूनही विचारू नका. सिनेमा लावा आणि तिच्या शेजारी बसून बघा. त्या आईचा प्रश्न ऐकल्यावर तुम्हाला काय वाटलं, ते तिला सांगा.