तारेची पारख

रायगडच्या किनाऱ्यावर घर बांधणारा मनुष्य चिरा पारखून घेतो, वाशाचे लाकूड ठोकून पाहतो. परंतु दूरध्वनीची तार घेताना मात्र 'तार ती तार' असे म्हणून स्वस्तातली घेतो. पहिल्याच पावसाळ्यात या चुकीचे फळ मिळते. आवाजात खरखर सुरू होते आणि नेमक्या अडचणीच्या रात्री डॉक्टरांपर्यंत हाक पोचत नाही.

तारेची निवड ती कोणत्या वाटेने जाणार आहे, यावर अवलंबून असते. घरातील तारेला ऊनपाऊस लागत नाही. म्हणून तिला पी.व्ही.सी.चे साधे आवरण पुरते. परंतु खारी हवा घरातही शिरते व उघडे तांबे हिरवे पडते. यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी. आपण भांड्यांना कल्हई करतो, तीच ही युक्ती.

एका दूरध्वनीला दोन तारा लागतात. त्या सरळ शेजारून नेल्यास जवळच्या विजेच्या तारांची गुणगुण त्यांत उतरते. त्यांना एकमेकींचा पीळ घातला, म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींना सारखाच होऊन परस्परांत फिटतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. विजेचा उपद्रव केवढा असतो, याची साक्ष अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय वेध घेण्याचे काम १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले. वेधशाळेला गाव सोडता आले. तारेला तिचा पीळच राखतो.

जमिनीखालच्या केबलची परीक्षा याहून कठीण. आवरणाला सुईएवढे छिद्र पडले, तरी पाणी आत झिरपते. म्हणून तिच्या तारांमधील पोकळी जेलीसारख्या द्रव्याने भरतात आणि बाहेरून पॉलिथिनचे जाड आवरण घालतात. कुदळीचे किंवा घुशींचे भय असेल, तेथे पोलादी पट्ट्यांचे चिलखत असलेली केबल हवी. अंतर लांब असल्यास तार जाड घ्यावी. बारीक तारेत आवाज लवकर क्षीण होतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. खांब उन्मळून पडले, तारा तुटल्या आणि अनेक गावांचा संपर्क खंडित झाला. खांबावरील तारेला पोलादाचा आधार हवाच. पण खांबच पडला, तर तीही हतबल होते. काचेच्या तंतूंची केबल प्रकाशाच्या रूपाने संदेश नेते. तिला गंज चढत नाही, विजेचा उपद्रव बाधत नाही. मात्र तांब्याच्या तारेतून दूरध्वनीला केंद्राकडूनच वीज मिळते, तशी काचेच्या तंतूतून मिळत नाही. घरची वीज गेली आणि जवळ बॅटरी नसली, तर तो मुका होतो.

सारांश, महाग ती उत्तम असे नव्हे. माणसाला काम सोपविताना आपण त्याचा स्वभाव पाहतो. तारेला वाट नेमून देतानाही तसेच करावे.

स्वाध्याय

१. दूरध्वनीच्या तारांना पीळ का घालतात?
२. 'वेधशाळेला गाव सोडता आले. तारेला तिचा पीळच राखतो' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी येणारी तार कोणत्या वाटेने येते, याचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.