उंच पर्वतांवरील वनस्पति कशा जगतात?

आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांतील बहुतेक बंधुभगिनी शेतीवर पोट भरणारे आहेत. पिकास चांगली जमीन, वेळेवर पाऊस आणि ऊन लागतें, हें त्यांस कोणी सांगावयास नको. परंतु जेथें खडकावर बोटभर माती, उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा, आणि त्या उन्हाळ्यांतही रात्रीं पाणी गोठतें, अशा ठिकाणींही परमेश्वरानें फुलें फुलविलीं आहेत. तीं तेथें कशीं जगतात, ह्याविषयीं आज थोडें लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. हिमालयांत ह्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर मोठे वृक्ष संपतात. तेथून कायमच्या बर्फापर्यंत गवत, खुजीं झुडपें आणि लहान फुलझाडें ह्यांचेंच राज्य असतें. उत्तराखंडांत अशा कुरणांस बुग्याल म्हणतात. दर हजार मीटर चढलें असतां हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. ५५०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानें निम्माच राहतो. ऊन प्रखर, त्यांतील अतिनील किरण अधिक तीव्र, आणि वारा असा कीं, उंच वाढणारें रोप टिकावयाचें नाहीं.

पहिली युक्ति नम्रतेची आहे. येथील पुष्कळ वनस्पति जमिनीस चिकटून वाढतात. कित्येकांच्या शेंकडों बारीक फांद्या एकमेकींस इतक्या दाटून असतात कीं, सर्व रोप हिरव्या उशीसारखें दिसतें. वारा वरून निघून जातो, दिवसाची ऊब आंत कोंडून राहते, आणि ऊन असतां उशीच्या आंतील भाग बाहेरच्या हवेपेक्षां दहा अंशांहूनही अधिक उष्ण होऊं शकतो. वाळलेलीं पानें आंतच कुजून त्यांचें खत होतें व तें ओलावा धरून ठेवितें. अशीं रोपें फार सावकाश वाढतात, आणि त्यांतील कांहींचें वय शंभर वर्षांहून पुष्कळ अधिक भरतें. हिमालयांत ६००० मीटरांच्याही वर अशा उशा आढळल्या आहेत.

दुसरी युक्ति वस्त्राची. फेनकमल नांवाची वनस्पति पांढऱ्या लोंकरीसारख्या केसांनीं अशी वेढलेली असते कीं, लांबून कापसाचा गोळाच वाटावा. ब्रह्मकमळाच्या फुलांच्या गुच्छाभोंवतीं फिकट, कागदासारख्या पातळ पानांचें आवरण असतें. पावसाळ्यांतील गार सरींपासून तें त्याचें रक्षण करितें. सिक्कीमच्या बाजूस ४००० मीटरांच्या वर रेवाचिनीच्या कुळांतील एक नवलाची वनस्पति आहे. इतर रोपें वीतभरही वाढत नाहींत तेथें ही एक ते दोन मीटर उंच उभी राहते. तिचीं फुलें पिवळट, अर्धपारदर्शक पानांच्या पडद्याआड असतात. त्या पडद्यांतून प्रकाश आंत जातो, पण अतिनील किरण अडतात आणि आंत ऊब राहते. ही वनस्पति कित्येक वर्षें केवळ पानांनीं वाढते, एकदांच फुलते, बीं देते आणि मरते.

तिसरी युक्ति आधींपासून तयारी करण्याची. एवढ्याशा उन्हाळ्यांत कळी धरावयाची, फुलावयाचें आणि बीं पिकवावयाचें, हें सर्व साधणार कसें? म्हणून पुष्कळ वनस्पति पुढच्या वर्षाची कळी मागच्याच वर्षीं घडवून ठेवितात. हिमालयांत, युरोपांत आणि अमेरिकेंतही आढळणारी एक लहान वनस्पति आहे, तिला शास्त्रज्ञ बिस्टॉर्टा विविपारा म्हणतात. अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या पर्वतांत तिचा अभ्यास झाला, तेव्हां असें दिसलें कीं, तिच्या पानाचा किंवा फुलांच्या तुऱ्याचा पहिला अंकुर धरल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत चार वर्षें लागतात. शिवाय बीं पिकेल कीं नाहीं ह्याचा भरंवसा नसल्यामुळें ती आपल्या तुऱ्यावरच लहान लहान कंद धरिते. ते खालीं पडून रुजतात.

चौथी युक्ति डोळ्यांस न दिसणारी आहे. पेशींच्या आंत बर्फ झालें तर पेशी फुटून रोप मरतें. म्हणून थंडी वाढूं लागली कीं ह्या वनस्पतींच्या पेशींतील रसांत साखर वाढते, आणि पाणी पेशींतून बाहेर येऊन मधल्या मोकळ्या जागेंत गोठतें. पेशी आकसते, परंतु वांचते. बर्फाचा जाड थर तर त्यांस घोंगडीच होय. वर हवा शून्याच्या खालीं वीस अंश गेली तरी खोल बर्फाखालीं शून्याच्या आसपासच राहतें. ज्याला आम्ही शत्रु समजतों तोच येथें राखणदार ठरतो.

ह्या ठेवणी एका दिवसांत झाल्या नाहींत. असंख्य पिढ्यांत ज्या रोपांच्या अंगीं असे गुण होते तीं टिकलीं, बाकीचीं गेलीं, असें शास्त्र सांगतें. ह्या दीर्घ कामामागें कर्त्याचा हात आहे, असें आम्ही मानितों.

उत्तराखंडांतील चमोली जिल्ह्यांत ह्या फुलांचें एक प्रसिद्ध खोरें आहे. १९३१ सालीं कामेट शिखर चढून परतत असतां फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती तेथें उतरले. स्थानिक लोकांस तें आधींच ठाऊक होतें. परंतु स्माइथ ह्यांच्या १९३८ सालच्या पुस्तकानें त्यास फुलांचें खोरें ह्या नांवानें जगांत कीर्ति मिळाली. १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग नांवाच्या बाई तेथें वनस्पति गोळा करीत असतां कड्यावरून घसरून मरण पावल्या. त्यांची कबर त्याच खोऱ्यांत आहे, आणि तिच्या शिळेवर १२१ व्या स्तोत्राचें आरंभींचें वचन कोरलेलें आहे.

आतां एक दुःखाची गोष्ट. ज्या वनस्पति हिमापुढें हरल्या नाहींत, त्या मनुष्यापुढें हरूं लागल्या आहेत. युरोपांतील ३०२ शिखरांच्या नोंदी तपासून २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, हवा तापत चालल्यामुळें खालच्या वनस्पति वर चढत आहेत, आणि २००७ ते २०१६ ह्या काळांत हा वेग १९५७ ते १९६६ च्या मानानें पांचपट होता. खालच्या जोमदार वनस्पति आल्या म्हणजे मूळच्या खुज्या वनस्पतींनीं जावें कोठें? शिखराच्या वर जागा नाहीं. चीनच्या पर्वतांत औषधासाठीं जिचे कंद खणले जातात, अशा एका वनस्पतीविषयीं २०२० सालीं कळलें कीं, जेथें खणती अधिक तेथें तिचीं पानें दगडमातीच्या रंगाचीं झालीं आहेत, आणि ती सहज सांपडत नाहीं. मनुष्याच्या लोभापासून रोपालाही लपावें लागावें, ही आम्हांस लाजेची गोष्ट आहे. सृष्टि आमच्या हातीं राखणीसाठीं दिली आहे, उधळण्यासाठीं नव्हे.

ह्यावरून बोध कोणता घ्यावा? कोणी असें म्हणेल कीं, गरिबानेंही ह्या रोपांप्रमाणें मुकाट्यानें थंडी सोसावी. असा अर्थ आम्ही करीत नाहीं. उशीसारख्या वनस्पतींविषयीं आणखी एक गोष्ट दिसून आली आहे. उघड्या खडकावर जीं बीजें मरून जातील, तीं कित्येकदां ह्या उशीच्या उबेंत व ओलाव्यांत पडून रुजतात. एका रोपाच्या अंगावर दुसऱ्या जातींचीं रोपें वाढतात. आमच्या प्रत्येक मंडळीनें अशी उशी व्हावें. ज्या घरीं कर्ता मनुष्य गेला, ज्याचें पीक बुडालें, त्याला केवळ धीराचा उपदेश न करितां आपल्या उबेंत जागा द्यावी. प्रभूनें रानांतील फुलांकडे पाहावयास सांगितलें, तें आमची चिंता दूर व्हावी म्हणून. आणि पुष्कळदां शेजाऱ्याची चिंता दूर करण्याचें काम तो आमच्याच हातांनीं करवितो.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. उंच पर्वतावर वनस्पतींस कोणकोणत्या अडचणी असतात?
२. बर्फ हें वनस्पतीस घोंगडीसारखें कसें होतें?
३. कळी आधींच घडवून ठेविल्यानें काय साधतें?
४. आपल्या गांवांत ह्या आठवड्यांत कोणास ऊब हवी आहे, आणि ती आपण कशी देऊं?