दगडांतील साक्ष : रश्टनचें त्रिकोणी घर

घर म्हटलें म्हणजे चार भिंती, ही कल्पना आपल्या मनांत इतकी रुजलेली आहे कीं, तीनच भिंतींचें घर कोणी मुद्दाम बांधील असें सहसा वाटत नाहीं. परंतु इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांत, रश्टन गांवाजवळ, असें एक घर चारशें वर्षांहून अधिक काळ उभें आहे. हा परगणा मराठी वाचकांस अगदींच परका नाहीं. ज्या विल्यम केरीनें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें, त्याची ही जन्मभूमि. केरीच्या जन्मापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें आधीं हें घर बांधलें गेलें. तें कोणीं बांधलें आणि कां बांधलें, हें आपण पाहूं.

सर टॉमस ट्रेशॅम हा त्या प्रांतांतील एक श्रीमंत जमीनदार होता. १५७५ सालीं एलिझाबेथ राणीनें त्यास ‘सर’ ही पदवी दिली. राज्याचा धर्म त्या वेळीं प्रॉटेस्टंट होता, आणि राजमान्य उपासनेस हजर राहणें हें प्रजेचें कायदेशीर कर्तव्य समजलें जाई. १५५९ च्या कायद्यानें एका गैरहजेरीस १२ पेन्स दंड असे; १५८१ च्या कायद्यानें तोच दंड दरमहा २० पौंडांवर गेला. अशा दिवसांत, १५८० सालीं, ट्रेशॅमनें रोमन कॅथॉलिक पंथ पत्करला. एडमंड कॅम्पियन या जेझुइट धर्मगुरूस आश्रय दिल्याच्या संशयावरून १५८१ सालीं तो पकडला गेला. कॅम्पियनला त्याच वर्षीं देहान्त शासन झालें. ट्रेशॅमच्या पुढील सुमारें बारा वर्षांपैकीं बहुतेक काळ तुरुंगांत व नजरकैदेंत गेला. १५९३ सालीं सुटून तो आपल्या गांवीं परतला, आणि त्याच सुमारास त्यानें या घराचें काम हातीं घेतलें. तें १५९७ पर्यंत चाललें होतें.

आतां या घराचें रूप पहा. त्याच्या भिंती तीन. प्रत्येकीची लांबी सुमारें ३३ फूट. मजले तीन. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक भिंतीस तीन खिडक्या, आणि प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर तीन शिखरें. छपरावरील धुराडेंहि तीन बाजूंचें. कित्येक खिडक्यांस तीन पाकळ्यांच्या पानाचा आकार दिलेला आहे. हें त्रिदल पान ट्रेशॅम घराण्याचें चिन्हच होतें. भिंतींतून फिकट व गडद दगडांचे पट्टे आळीपाळीनें बसविले आहेत. आंत शिरल्यावर मुख्य खोली मात्र षट्कोनी दिसते. कारण त्रिकोणाचे तीन कोपरे लहान खोल्यांसाठीं व जिन्यासाठीं वेगळे काढले आहेत. षट्कोन म्हणजे तरी काय? तिनाची दुप्पटच.

ही तिनाची आवृत्ति केवळ हौसेची नव्हे. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन असून देव एकच, हें ख्रिस्ती धर्मांतील त्रैक्याचें तत्त्व होय. तीन बाजू मिळून त्रिकोण एकच होतो. त्यांतील एक बाजू काढून घेतां येत नाहीं. शब्दांनीं समजावण्यास कठीण असें तें तत्त्व ट्रेशॅमनें भूमितीच्या द्वारें डोळ्यांपुढें ठेविलें.

भिंतींवर वरच्या बाजूस लॅटिन वचनें कोरलेलीं आहेत. तीं तीन असून प्रत्येकाचीं अक्षरें बरोबर ३३ आहेत. ख्रिस्ताचें या भूतलावरील आयुष्य परंपरेनें ३३ वर्षांचें मानलें जातें, हें येथें ध्यानांत घ्यावें. पहिलें वचन यशया संदेष्ट्याचें असून भूमि उघडून तींतून तारण उगवो, असा त्याचा आशय आहे. दुसरें हबक्कूक संदेष्ट्याचें; त्यांत प्रभूचीं कृत्यें पाहून मनांत दाटलेलें भय आहे. तिसरें पौलाचें; ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आम्हांला कोण वेगळें करील, असा त्यांतील प्रश्न आहे. ज्याला घरापासून, संपत्तीपासून व मोकळ्या हवेपासून वेगळें केलें गेलें होतें, त्यानें हा प्रश्न आपल्या भिंतीवर कोरावा, यांतील मर्म वाचकांनींच ओळखावें.

दारावरील लेखांत आणखी एक गंमत आहे. ‘तिघे साक्ष देतात’ असा त्याचा अर्थ असून तो योहानाच्या पहिल्या पत्रांतून घेतला आहे. लॅटिन भाषेंत तीन या संख्येस ‘त्रेस’ म्हणतात. संस्कृत शिकणाऱ्यांस ‘त्रयः’ हा शब्द लागलीच आठवेल. हे दोन्ही एकाच कुळांतले. ‘ट्रेशॅम’ या नांवाचा आरंभहि लॅटिन लिपींत याच अक्षरांनीं होतो. तेव्हां त्रैक्याच्या साक्षीबरोबर घरधन्यानें आपलीहि साक्ष दारावर लावून ठेविली आहे.

मग या घरांत राहत कोण असे? ट्रेशॅमच्या जमिनींत सशांचें मोठें रान होतें. मांस व कातडें यांमुळें सशांपासून उत्पन्न चांगलें येई. त्या रानाच्या रखवालदारासाठीं म्हणून हें घर बांधलें गेलें! त्रैक्याचें तत्त्व प्रॉटेस्टंट मंडळींसहि मान्य असल्यामुळें राजाच्या अधिकाऱ्यांस त्याविरुद्ध बोलण्यास जागा नव्हती. सशांच्या रखवालदाराचें घर कोण तपासणार?

पुढें लिव्हडेन येथें ट्रेशॅमनें क्रुसाच्या आकाराचें दुसरें घर बांधावयास घेतलें व त्यावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचीं चिन्हें कोरविलीं. परंतु ११ सप्टेंबर १६०५ रोजीं तो मरण पावला, आणि तें घर आजहि छपरावांचून उभें आहे. राजनिष्ठा त्यानें सोडली नाहीं. १६०३ सालीं जेम्स राजाच्या राज्यारोहणाची घोषणा नॉर्दॅम्प्टन शहरांत त्यानेंच केली होती. त्याचा मुलगा फ्रान्सिस मात्र १६०५ सालीं पार्लमेंट उडविण्याच्या दारूगोळ्याच्या कटांत सामील झाला आणि डिसेंबरांत लंडनच्या टॉवरमध्यें बंदिवासांत मेला.

पिता व पुत्र दोघांवरहि एकच जुलूम झाला. एकानें दारूचा मार्ग धरला. त्यांतून त्याच्या स्वधर्मीयांवर अधिकच कडक कायदे आले. दुसऱ्यानें दगड घेतला, कोणासहि इजा केली नाहीं, आणि त्याचें म्हणणें अजून वाचतां येतें. आपण केवळ आपल्यापुरते कष्ट केले नाहींत, अशा अर्थाचेंहि एक वचन त्यानें त्या शिखरांवर कोरवून ठेविलें आहे. तें खरें ठरलें आहे. जुनी इमारत दिसली असतां तिची उंची व शोभा पाहून पुढें न जातां, ती काय सांगते हें थांबून वाचण्याची संवय आपण लावून घ्यावी.